आवर्जून जावे अशी ठिकाणे आणि टाळावीत अशी ठिकाणे: महिना, वेळ आणि कारणासह लिहा

पायवाट

प्रवासाविषयी सल्ला मागितला की बहुधा नावांची यादी हाती पडते. अमुक ठिकाण आयुष्यात एकदा तरी पाहाच आणि तमुक ठिकाणी चुकूनही जाऊ नका, असे दोन्हीकडून ठणकावून सांगितले जाते. मात्र सांगणारी व्यक्ती तिथे कोणत्या महिन्यात गेली, दिवसाच्या कोणत्या वेळी पोहोचली, मुक्कामाला राहिली की बसमधून उतरून दोन तासांत परतली, हे त्यात कुठेच नसते. तेवढा तपशील नसेल तर शिफारस आणि इशारा दोन्ही सारखेच निरुपयोगी, असे माझे मत आहे. म्हणून इथे एखादे ठिकाण सुचवताना किंवा टाळायला सांगताना महिना, वेळ आणि कारण अवश्य लिहावे, ही विनंती.

सुरुवात कंबोडियातील अंगकोर वाटपासून करतो. हे मंदिर पश्चिमाभिमुख आहे, म्हणजे सूर्य त्याच्या पाठीमागून उगवतो. पहाटे डाव्या हाताच्या तळ्याकाठी शेकडो माणसे कॅमेरे सरसावून ज्यासाठी उभी असतात, त्या दृश्यात शिखरांची फक्त काळी आकृती दिसते आणि दगडावरचे काम अंधारातच राहते. सूर्य वर आला की ही बहुतेक मंडळी न्याहारीसाठी परततात. खरे तर नेमक्या त्या वेळी आत जावे आणि पूर्वेकडच्या ओवरीच्या दक्षिण भागातला समुद्रमंथनाचा शिल्पपट पाहावा. तो जवळजवळ ४९ मीटर लांब आहे. एका बाजूला ९२ असुर आणि दुसऱ्या बाजूला ८८ देव वासुकीला ओढत आहेत, मध्ये विष्णू आहे आणि खाली कूर्म. असुरांचे डोळे वटारलेले आहेत, तर देवांचे बदामाच्या आकाराचे आहेत आणि त्यांच्या डोक्यावर निमुळते मुकुट आहेत. कथा आपल्याला ठाऊक असल्यामुळे वाटाड्याची गरज पडत नाही आणि कोरीव काम निवांत न्याहाळता येते. मंदिराची दर्शनी बाजू उजळलेली पाहायची असेल तर दुपार उलटल्यावर पुन्हा यावे.

याउलट बान्तेय स्रेई हे छोटे मंदिर पूर्वाभिमुख आहे, त्यामुळे तिथे सकाळीच जायला हवे. इ. स. ९६७ मध्ये प्रतिष्ठापना झालेल्या या मंदिराचा वालुकाश्म गुलाबी छटेचा आहे आणि त्यावरचे नक्षीकाम लाकडात केल्यासारखे बारीक आहे. अंगकोरसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सुखाचा, पण गर्दीचा असतो. एप्रिल मात्र कोणीही टाळावा, कारण त्या उन्हात तापलेल्या दगडी पायऱ्या चढताना शिल्पांकडे लक्षच राहत नाही.

उंबरठा

मांडणी पटली. ‘जाऊ नका’ या यादीत हमखास असलेल्या व्हेनिसविषयी लिहिते.

व्हेनिसबद्दल तक्रार करणाऱ्यांपैकी बहुतेक जण तिथे दिवसापुरते गेलेले असतात. सकाळी उतरायचे, सान मार्को चौकात उभे राहायचे, रियाल्तो पुलावर रेटारेटी करायची आणि संध्याकाळी निघायचे, असा त्यांचा बेत असतो. तेवढ्या वेळेत हाती गर्दीच लागणार. शहराने २०२४ मध्ये वर्षातल्या २९ दिवसांसाठी प्रवेशशुल्क घेऊन पाहिले, तेही दिवसापुरते येणाऱ्यांकडूनच. मुक्कामाला राहणाऱ्यांना त्यातून सूट होती. त्यातून यंत्रणेचा रोख कोणावर आहे, हे पुरेसे स्पष्ट होते. जुन्या शहरातील रहिवाशांची संख्या २०२२ मध्येच ५०,००० च्या खाली गेली होती, हे लक्षात घेतले की या निर्णयाचा राग येत नाही.

माझी शिफारस अशी, की कार्निव्हल सुरू होण्यापूर्वीच्या जानेवारीत जावे आणि जुन्या शहरातच मुक्काम करावा. थंडी असते, धुके असते, काही दुकाने बंद असतात. पण रात्री कालव्याच्या कडेने चालताना स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकू येतो. शरद आणि हिवाळ्यात भरतीचे पाणी रस्त्यांवर चढण्याचा संभव असतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये ते १८७ सेंटिमीटरपर्यंत चढले होते. ऑक्टोबर २०२० पासून समुद्राच्या तोंडाशी बसवलेले अडसर मोठ्या भरतीच्या वेळी उचलले जातात, त्यामुळे ही भीती आता बरीच कमी झाली आहे. ऑगस्ट मात्र टाळावा. उकाडा, कालव्यांचा वास आणि माणसांचा पूर हे तिन्ही एकदम वाट्याला येतात.

शहरापासून रेल्वेने अर्ध्या तासावर असलेले पादुआ तर बहुतेक जण गाळतातच. तिथल्या स्क्रोवेन्यी प्रार्थनागृहात सुमारे १३०५ मध्ये पूर्ण झालेली जोत्तो या चित्रकाराची भित्तिचित्रे आहेत. ओलावा आणि धूळ आत जाऊ नये म्हणून प्रत्येक गटाला आधी एका बंद दालनात पंधरा मिनिटे बसवतात आणि मगच आत सोडतात. आतला वेळही मोजकाच असतो आणि आरक्षण आधी करावे लागते. कोणाला हा जाच वाटेल. मला तर वाटते की जगातल्या निम्म्या गर्दीच्या ठिकाणांनी हीच पद्धत उचलावी.

खलाशी

गर्दी हे टाळण्याचे सर्वांत क्षुल्लक कारण आहे, असे नम्रपणे नमूद करतो. जीव जाऊ शकतो हे कारण आधी यायला हवे.

आइसलँडच्या दक्षिण किनाऱ्यावर विक गावाजवळ रेनिस्फ्यारा नावाची काळ्या वाळूची पुळण आहे. बसाल्टचे उभे खांब, समुद्रात उभे असलेले सुळके आणि काळी वाळू यांमुळे तिची छायाचित्रे सर्वत्र फिरतात. या छायाचित्रांत एक गोष्ट दिसत नाही. दहा-पंधरा लाटा शांतपणे फुटून मागे जातात आणि मग कोणतीही पूर्वसूचना न देता एक लाट किनाऱ्यावर कितीतरी आतपर्यंत धावून येते. परतताना ती पायाखालची वाळू ओढून नेते आणि पाणी इतके थंड असते की पोहता येणाऱ्याचाही निभाव लागत नाही. इथे माणसे वाहून गेल्याच्या घटना पुन्हा पुन्हा घडल्या आहेत. वाहनतळापाशी धोक्याची पातळी दाखवणारे दिवे आणि फलक आहेत, तरी खांबांवर चढून पाण्याकडे पाठ करून उभे राहणारे लोक दिसतातच.

सरसकट जाऊ नका, असे मी म्हणणार नाही. पण सोबत लहान मुले असतील किंवा समुद्र खवळलेला असेल, तर सरळ शेजारच्या दिर्होलाए या उंच भूशिरावर जावे. तोच किनारा आणि तेच सुळके वरून दिसतात आणि उन्हाळ्यात कड्यावर पफिन पक्षीही असतात. विणीच्या काळात त्यातला काही भाग बंद ठेवतात, तेवढे आधी पाहून घ्यावे.

आणखी एक गोष्ट, कारण हा घोळ वारंवार होतो. जूनमध्ये आइसलँडला गेल्यास ध्रुवीय प्रकाश दिसत नाही, कारण त्या महिन्यात आकाश काळोखे होतच नाही. डिसेंबरमध्ये रात्र मोठी असते, पण दिवसाचा उजेड जेमतेम चार-पाच तास मिळतो आणि अंतर्भागातले डोंगरी रस्ते बंद असतात. ध्रुवीय प्रकाश आणि डोंगरी रस्त्यांवरची भटकंती दोन्ही एकाच सहलीत बसवणारा कार्यक्रम कोणी विकत असेल, तर त्याला आधी महिना विचारावा.

काठावर

वरच्या सगळ्या प्रतिसादांत ‘आपल्याला काय मिळेल’ हाच निकष दिसतो. काही ठिकाणे महिना आणि वेळ कितीही नीट साधली तरी टाळावीत, असे मला वाटते.

वाघाच्या पिल्लाला मांडीवर घेऊन छायाचित्र काढू देणारी, हत्तीला माणसांसारखी चित्रे काढायला लावणारी किंवा त्याच्या पाठीवर दिवसभर माणसे वाहणारी ठिकाणे या यादीत पहिली येतात. पूर्ण वाढलेला वाघ अनोळखी माणसांच्या रांगेपुढे निमूट पडून राहतो, यातच काहीतरी खोट आहे, हे सांगायला प्राणितज्ज्ञ लागत नाही. थायलंडमधल्या कांचनाबुरी प्रांतातल्या व्याघ्रमंदिरावर २०१६ मध्ये छापा पडला, तेव्हा तिथून १३७ वाघ हलवले गेले आणि शीतपेटीत ४० मृत पिल्ले सापडली. तोपर्यंत कित्येक वर्षे जगभरचे लोक तिथे ‘अविस्मरणीय अनुभव’ घेत होते. नावात ‘अभयारण्य’ किंवा ‘पुनर्वसन केंद्र’ असे शब्द असल्याने काही सिद्ध होत नाही. प्राण्याला हात लावू देतात का, एवढा एकच प्रश्न विचारावा. उत्तर होकारार्थी असेल तर दुसरीकडे वळावे.

दुसरा प्रकार म्हणजे यजमानांनी स्पष्टपणे ‘नको’ म्हटलेली ठिकाणे. ऑस्ट्रेलियातील उलुरू या प्रचंड खडकावर चढू नये, असे तिथले मूळ रहिवासी अनांगू लोक अनेक दशके सांगत होते. पायथ्याशी तसा फलकही होता आणि तो वाचूनच लोक साखळी धरून वर चढत होते. अखेर २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई कायमची बंद झाली. बंदी येण्याआधीच्या महिन्यांत तिथे चढणाऱ्यांची रीघ लागली होती. ‘बंद होण्यापूर्वी एकदा’ हे प्रवासाचे कारण मला फार क्लेशदायक वाटते. खडकाला पायथ्याशी वळसा घालणारी सुमारे दहा किलोमीटरची वाट आजही खुली आहे आणि ती सकाळी लवकर चालावी, कारण उन्हाळ्यात नंतर तिथे भाजून निघते.

पायवाट

काठावर, आपला मुद्दा मान्य आहे. ‘मला काय मिळाले’ याच्या जोडीला ‘माझ्या जाण्याचा भार कोणी सोसला’ हेही लिहायला हवे.

फक्त एक पुरवणी जोडतो. ‘टाळा’ हा सल्लाही शिळा होतो. थायलंडमधलीच माया बे ही खाडी एका चित्रपटामुळे इतकी गाजली की तिथल्या प्रवाळाची पार वाताहत झाली. जून २०१८ मध्ये ती बंद केली आणि जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा उघडली. आता बोटी खाडीत शिरत नाहीत, त्या बेटाच्या मागच्या बाजूला लागतात. पोहण्यास मनाई आहे, एका वेळी ठरावीकच लोकांना सोडतात आणि उथळ पाण्यात काळ्या परांचे छोटे शार्क परतले आहेत. २०१७ मध्ये कोणी ‘जाऊ नका’ म्हटले असते तर ते योग्यच होते. आज तेच वाक्य तसेच पुढे ढकलणे योग्य नाही. पोहण्यासाठी बेट शोधत असाल तर मात्र ही खाडी तुमच्या उपयोगाची नाही.

जुनी वही

थोडा व्यावहारिक प्रश्न विचारते. आईवडील दोघेही सत्तरीच्या पुढचे आहेत, वडिलांचे गुडघे दुखतात आणि आईला अधूनमधून धाप लागते. दोघांनाही प्राचीन वास्तूंची मनापासून आवड आहे. जॉर्डनमधले पेत्रा, पेरूमधले माचू पिक्चू आणि उझबेकिस्तानमधले समरकंद अशी तीन नावे घरात चर्चेत आहेत. कोणते निवडावे?

उत्तरायण

जुनी वही, आपण दिलेल्या माहितीवरून समरकंद, असे मी निःसंकोच सांगेन. मात्र दोघांच्या डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा. कारणे सविस्तर लिहितो.

माचू पिक्चू स्वतः २,४३० मीटरवर आहे, पण तिथे जाणारे बहुतेक प्रवासी विमानाने कुस्कोला उतरतात आणि ते शहर सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. समुद्रसपाटीवरून थेट तिथे पोहोचणाऱ्या धडधाकट माणसालाही डोकेदुखी, मळमळ आणि निद्रानाश होऊ शकतो. आधीच धाप लागणाऱ्या व्यक्तीला हा धोका पत्करायला लावू नये. ज्यांना जायचेच आहे त्यांनी क्रम उलटा करावा. विमानतळावरून थेट खाली ओयान्तायताम्बोच्या खोऱ्यात सुमारे २,८०० मीटरवर उतरावे, तिथून माचू पिक्चू करावे आणि कुस्को शेवटी ठेवावे. अवशेषांत ठरवून दिलेल्या मार्गानेच फिरावे लागते, दगडी पायऱ्या पुष्कळ आहेत आणि त्यांची उंची सारखी नाही. जानेवारी-फेब्रुवारीत पाऊस जोरात असतो आणि इंका वाट तर दर फेब्रुवारीत दुरुस्तीसाठी बंदच ठेवतात.

पेत्रा अर्धेच साधेल. सिक ही अरुंद घळ सुमारे १.२ किलोमीटर लांब आहे आणि तिच्या शेवटी खजिना म्हणून ओळखली जाणारी वास्तू समोर येते. तिथपर्यंत विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्या जातात. पुढे ‘मठ’ पाहण्यासाठी मात्र सुमारे ८०० पायऱ्या चढाव्या लागतात. त्या गुडघ्यांना झेपणार नाहीत आणि गाढवावर बसून जाण्याचा पर्याय ‘काठावर’ यांनी वर सांगितलेल्या कारणासाठीच नको. जुलै-ऑगस्टचे ऊन तर तरुणांनीही टाळावे.

समरकंद जेमतेम सातशे मीटर उंचीवर आहे. रेगिस्तान चौकातल्या तिन्ही मदरशांची प्रांगणे सपाट आहेत आणि बसायला जागा आहे. पश्चिमेकडची उलुगबेगची (तैमूरचा खगोलप्रेमी नातू) मदरसा १४२० मध्ये पूर्ण झाली, तर समोरची शेर-दोर त्यानंतर दोन शतकांनी उभी राहिली. तिच्या कमानीवर हरणामागे धावणारे वाघासारखे प्राणी आणि त्यांच्या पाठीवर उगवणारा मानवी चेहऱ्याचा सूर्य आहे. वडिलांना ते बाकावर बसूनही नीट दिसेल. संध्याकाळी ऊन उतरू लागले की शेर-दोरच्या फरशांचा निळा रंग पालटतो, तेव्हा घाईने निघू नये. गूर-ए-अमीर, म्हणजे तैमूरची कबर, फारसे न चालता पाहता येते. शाह-ए-जिंदाला मात्र सुरुवातीलाच उभा जिना आहे. तिथे वडिलांना खाली बसवून आपण वर जाऊन यावे. उलुगबेगच्या वेधशाळेचा जमिनीखालचा दगडी कंस १९०८ मध्ये उत्खननात सापडला. आत फारसे चालावे लागत नाही आणि त्या काळचे खगोलशास्त्र कोणत्या पायरीवर होते ते डोळ्यांना दिसते.

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर निवडावा. जुलैत पारा चाळिशीजवळ जातो. ताश्कंदहून जलदगती रेल्वेने दोन तासांपेक्षा थोडा अधिक वेळ लागतो, पण तिची तिकिटे लवकर संपतात. ती हाती आल्याशिवाय पुढचा मुक्काम पक्का करू नये.

जुनी वही

मनापासून आभार. एप्रिलच्या दृष्टीने तयारीला लागते.

दुपारचा दिवा

आवडत्या ठिकाणांत मी मोस्तारचे नाव घेईन. बोस्निया आणि हर्झेगोविनामधल्या या गावात नेरेत्वा नदीवर १५६६ मध्ये बांधून झालेला एकाच कमानीचा दगडी पूल होता. ९ नोव्हेंबर १९९३ रोजी युद्धात तोफांच्या माऱ्याने तो कोसळला आणि २००४ मध्ये त्याच घडणीने पुन्हा उभा राहिला. उन्हाळ्यात दुब्रोव्हनिक आणि स्प्लिटहून निघालेल्या सहलीच्या बस दुपारच्या सुमारास पोहोचतात आणि मग पुलावर पाय ठेवायला जागा उरत नाही. त्यात तिथला दगड घासून गुळगुळीत झाला आहे. चालताना पाय अडावा म्हणून आडव्या दगडी पट्ट्या बसवल्या आहेत, तरी लोक घसरतातच. संध्याकाळी बस गेल्या की तोच पूल पुन्हा गावाचा होतो. म्हणून एक रात्र राहावे, नाहीतर जाऊच नये. जवळपासच्या भिंतींवर गोळ्यांच्या खुणा अजून दिसतात. त्यांच्यापुढे उभे राहून हसरी छायाचित्रे काढणाऱ्यांबद्दल न बोललेले बरे.

टाळण्याजोगे म्हणाल तर पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयातले मोनालिसाचे दालन भर दुपारी टाळावे. ते चित्र फक्त ७७ बाय ५३ सेंटिमीटरचे आहे, काचेआड आहे आणि समोर उंचावलेल्या फोनचे जंगल असते. गंमत अशी की त्याच्या बरोबर समोरच्या भिंतीवर व्हेरोनेझेचे ‘काना येथील विवाहभोजन’ आहे. ते जवळजवळ सात मीटर उंच आणि दहा मीटर रुंद असूनही सगळी गर्दी त्याच्याकडे पाठ करून उभी असते. रांगेत शिरलातच, तर निदान मागे वळून पाहा.

उंबरठा

गर्दीच्या जागेला पर्याय म्हणून शांत जागेचे नाव द्यावे का, याविषयी मात्र मन द्विधा आहे. ऑस्ट्रियातील हालश्टाट हे सात-आठशे लोकवस्तीचे तळ्याकाठचे गाव. छायाचित्रांतून नाव झाले आणि बसची रीघ इतकी वाढली की २०२३ मध्ये रहिवाशांना निदर्शने करावी लागली. उद्या आपण सगळ्यांनी मिळून ‘हालश्टाटऐवजी अमुक गाव’ असे लिहिले, तर त्या गावाचेही तेच होईल.

पायवाट

हा धोका खरा आहे. माझा तोडगा असा, की पर्याय म्हणून गर्दी पेलू शकणारे मोठे शहर सुचवावे, छोटे गाव नव्हे. बेल्जियममध्ये ब्रुजऐवजी गेंट म्हणायला हरकत नाही. ते नांदते विद्यापीठाचे शहर आहे, पर्यटक नसले तरी त्याचे अडत नाही आणि १४३२ मध्ये पूर्ण झालेले व्हान आइक बंधूंचे वेदीचित्र तिथल्या सेंट बाव्हो कॅथेड्रलमध्ये आहे. पाचशे वस्तीच्या गावाचे नाव घ्यायचे असेल, तर निदान मुक्काम करणाऱ्यालाच, विचारल्यावर सांगावे.

मिठागर

बोलिव्हियातल्या उयुनीच्या मिठाच्या मैदानाविषयी कोणी सांगेल का? जुलैमध्ये जाण्याचा विचार आहे. आकाशाचे प्रतिबिंब पडलेली छायाचित्रे पाहून ठरवले आहे.

उत्तरायण

त्याच छायाचित्रांसाठी जात असाल तर जुलै टाळा. प्रतिबिंब पडण्यासाठी मिठावर पाण्याचा पातळ थर लागतो आणि तो पावसाळ्यात, म्हणजे साधारण जानेवारी ते मार्चमध्ये मिळतो. जुलैत मैदान ठणठणीत कोरडे असते. तेव्हा पांढऱ्या पृष्ठभागावर क्षितिजापर्यंत षटकोनी रेघा दिसतात आणि मैदानाच्या मध्यावर असलेल्या, उंच निवडुंगांनी भरलेल्या इंकावासी बेटापर्यंत गाडी जाते. पावसाळ्यात ती वाट बहुधा बंद असते. म्हणजे एकाच जागी दोन वेगळ्या सहली आहेत आणि दोन्ही एका फेरीत होत नाहीत. मला स्वतःला कोरडा काळ अधिक आवडतो, पण तो आवडीचा भाग झाला.

कोणताही महिना निवडला तरी मैदान ३,६५० मीटरवर आहे, हे विसरू नये. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात सुमारे पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये, असा सर्वसाधारण नियम आहे. विमानाने थेट आल्यास तो मोडतोच, म्हणून पहिले दोन दिवस काहीही ठरवू नये. जुलैतल्या रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो आणि मैदानाकाठच्या साध्या निवासांत खोल्या तापवण्याची सोय असेलच असे नाही. आरक्षण करताना ते स्पष्ट विचारून घ्यावे.